किडनी गाळणी असेल तर गाळलेलं परत का घेते?

कोरी पाटी (धागाकर्ती)
मंडळी, लेकीने काल मला चांगलंच तोंडघशी पाडलं. ती उत्सर्जन संस्थेची आकृती काढत बसली होती, मी येता-जाता डोकावले आणि उगाच शहाणपणा केला, की अगं सोप्पं आहे, किडनी म्हणजे गाळणी, रक्त गाळायचं, घाण खाली, चांगलं वर. तिने पेन्सिल खाली ठेवली. "आई, इथे लिहिलंय दिवसाला १८० लिटर गाळलं जातं. आणि लघवी दीड लिटर. मग बाकीचं?" म्हटलं परत रक्तात जातं. "मग गाळलं कशाला?"
मी "आधी आकृती पुरी कर" म्हणून वेळ मारून नेली पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. विहिरीतून १८० बादल्या उपसायच्या आणि १७८ परत विहिरीतच ओतायच्या असं करताना कोणी दिसला तर आपण त्याला वेड्यात काढू की नाही? घाण तेवढीच चिमटीत धरून का टाकत नाही शरीर?
दुवे नकोत, दुवे मलाही उघडता येतात. माणसाच्या भाषेत कोणी सांगेल का?

रिकामटेकडा
सरकारी खात्याने केलेलं डिझाइन असणार. एक कागद शोधायचा तर अख्खं कपाट टेबलावर.

डोकं खाजवून
धागा वाचता वाचता जाऊन आलो. (ह.घ्या.)

रात्रपाळी डॉक्टर
रिकामटेकडा, विनोद केलात पण उत्तर जवळजवळ तेच आहे :)
कोरी पाटी, लेकीला शाबासकी द्या. आमच्या अख्ख्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, सगळ्यांनी आकडे घोकले आणि पुढे गेलो.
गाळणी हे किडनीच्या कामातलं फक्त पहिलं पाऊल. एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिच्या पुढची नळी अशा जोड्या, असतात (माणसागणिक बराच फरक पडतो). प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटावा तसा, तो ग्लोमेरुलस. बाकी शरीरात केशवाहिन्यांमध्ये रक्त धमनीकडून येतं आणि शिरेत जातं. इथे येतानाही बारीक धमनी आणि जातानाही बारीक धमनीच, आणि जाणारी जरा अरुंद. पाइपाचं तोंड अंगठ्याने अर्धं दाबलं की मागे दाब चढतो ना, तसा. त्या दाबाने रक्तातलं पाणी पलीकडे ढकललं जातं. गाळणीला स्वतःला कष्ट काही नाहीत, जोर सगळा हृदयाचा.
आता गाळणीला कळतं काय, तर आकार, आणि थोडाफार विद्युतभार. रक्तपेशी अडतात, अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं अडतात, त्याहून लहान ते सगळं जातं. मेख इथे आहे. रेणुभार बघा. टाकायचा कचरा: युरिया ६०, क्रिएटिनिन ११३. ठेवायचं: ग्लुकोज १८०, अमिनो आम्लं ७५ ते २०४. म्हणजे ठेवायचं आणि टाकायचं एकाच मापाचं आणि एकात एक मिसळलेलं. भोकं कितीही हुशारीने पाडा, क्रिएटिनिन जाईल आणि सगळी अमिनो आम्लं राहतील अशी चाळणी होणारच नाही. म्हणून लहान ते सगळं आधी बाहेर, आणि मग पुढच्या नळीच्या भिंतीतल्या पेशी ओळखीचं तेवढं वेचून परत घेतात. ग्लुकोज तर पहिल्याच वळणावळणाच्या भागात जवळजवळ सगळं. पाणी आणि सोडियमचे दोन तृतीयांश तिथेच परत.

दप्तरवाल्या बाई
डॉक, मी हे वर्गात दप्तरावरून सांगते. लहान मुलाच्या दप्तरात नको असलेलं काय काय आहे याची यादी कोणत्याच आईला करता येत नाही. तुटकी पेन्सिल, दगड, चुरगळलेले कागद, दुसऱ्याचं खोडरबर, मेलेला भुंगा (खरंच निघाला होता एकदा). पण काय असायला हवं याची यादी छोटी आणि पाठ असते. म्हणून ती दप्तर जमिनीवर उलटं करते, वह्या-पुस्तकं-कंपास परत भरते, उरलं ते केरात. नको-ची यादी करावीच लागत नाही. उद्या पोराने आजवर कोणी न बघितलेली वस्तू आणली तरी ती आपोआप केरातच.

कोरी पाटी
बाई, दंडवत! मेलेला भुंगा म्हणजे युरिया हे आता आमच्या घरात पक्कं झालं.

काथ्याकूट
उपमा झकास आहे पण अर्धीच आहे असं माझं मत. "आधी सगळं बाहेर आणि हवं ते आत" एवढ्यावर भागत नाही. नळीच्या पेशी काही गोष्टी रक्तातून थेट उचलून लघवीत टाकतात, गाळणीची वाटच बघत नाहीत. म्हणजे कोरी पाटी म्हणतात ती चिमटी शरीराकडे आहेच. पेनिसिलिन हे नेहमीचं उदाहरण. ते किडनी इतक्या झटपट फेकते की १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्यांदा माणसांवर वापरून बघत होते तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की रुग्णाची लघवी गोळा करून त्यातून पेनिसिलिन परत काढायचे आणि त्यालाच पुन्हा टोचायचे. लोकांनी मग किडनीची ही चिमटी अडवणारं औषधसुद्धा शोधलं.
तर प्रश्न उरतोच. चिमटी आहे, मग १८० लिटरचा खटाटोप कशाला?

रात्रपाळी डॉक्टर
काथ्याकूट, मान्य. स्राव (म्हणजे तुमची ती चिमटी) लिहायचा राहिला. सविस्तर नंतर लिहितो, वॉर्डातून फोन आलाय.

खडेश्वर
गाळणी, चिमटी, दप्तर सगळं ठीक आहे हो, पण गाळल्यावर खाली जाणाऱ्या नळीबद्दल कोणी बोलणार का? कारण माझ्या त्या नळीत सध्या एक पाहुणा बसलाय. उजवीकडे, ४ मिमी. सोनोग्राफीत दिसला, सीटीत नक्की झाला.
मंगळवारी पहाटे तीनला उठलो ते पाठीत कोणी पाना घालून पिळतंय असं वाटून. आधी वाटलं पाठ धरली. मग ती कळ बरगडीखालून पुढे येऊन जांघेत उतरली आणि त्यानंतर मला बसवेना, उभं राहवेना, आडवं होववेना. बाथरूमच्या फरशीवर चार पायांवर रांगत होतो, घाम फुटलेला, दोनदा उलटी झाली. बायको म्हणाली आता कळलं का बाळंतपण काय असतं. मी त्या क्षणी काहीही कबूल केलं असतं.
दवाखान्यात डॉक्टरने बघूनच ओळखलं. म्हणाले पोटाच्या दुसऱ्या दुखण्यांत माणूस हलायला घाबरतो, मुतखड्याचा माणूस एका जागी ठरत नाही. मूत्रवाहिनी म्हणे २५-३० सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिमी. तीन ठिकाणी आणखी आवळलेली: किडनीतून निघते तिथे, कमरेच्या हाडाच्या कडेवरून रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. माझा खडा तिसऱ्या नाक्यावर अडकलाय. ५ मिमीच्या आतले बहुतेक आपोआप पडतात म्हणून वाट बघतोय. चहागाळणीतून लघवी करा म्हणाले, खडा सापडला तर तपासायला आणा. म्हणजे कोरी पाटी, आमच्या घरात सध्या गाळणीनंतर खरीखुरी गाळणी आहे.

रिकामटेकडा
ती चहागाळणी नंतर कुठे ठेवता तेवढं सांगू नका.

खडेश्वर
सौ.ने तिच्यावर मार्करने माझं नाव लिहिलंय.

निमूट वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. खडेश्वर, काळजी घ्या. ताप आला किंवा थंडी वाजून आली तर "वाट बघतोय" म्हणत बसू नका हं, माझ्या आत्याला अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला होता, रात्रीतून स्टेंट (नळी मोकळी ठेवणारी बारीक नळी) टाकावा लागला.
मला विचारायचं होतं की ती कळ नेमकी कशाची? खडा टोचतो म्हणून का?

रात्रपाळी डॉक्टर
निमूट वाचक, अगदी योग्य सूचना. ताप + खडा म्हणजे लगेच दवाखाना.
कळ मुख्यतः तुंबल्याची. मूत्रवाहिनी म्हणजे नुसता पाइप नव्हे, तिच्या भिंतीत स्नायू आहे आणि मिनिटाला १ ते ५ वेळा वरून खाली लाट जाते, अन्ननलिकेसारखी. म्हणून शीर्षासन केलं तरी लघवी मूत्राशयाकडेच जाते, अंतराळवीरांचीही जाते. वाटेत खडा आला की मागे लघवी तुंबते, नळी आणि किडनीचं पोकळ नरसाळं फुगतं, तो ताण आणि वरून स्नायूची पिळवटणी. टोचण्यापेक्षा ताणाचं दुखणं जास्त.
शेवटच्या नाक्याबद्दल: मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ घुसत नाही, तिरकी घुसते. मूत्राशय भरलं की भिंत ताणली जाऊन तो तिरका तुकडा आपोआप दाबला जातो आणि लघवी उलटी वर जात नाही. झडप-बिडप काही न लावता झडपेचं काम. मला हे शिकताना फार आवडलं होतं. काही लहान मुलांमध्ये तो तुकडा आखूड असतो, मग लघवी वर चढते आणि वारंवार संसर्ग होतो.

चौकस आजोबा
वय वर्षे ७४. रात्री तीनदा उठतो. प्रोस्टेट वाढलंय हे माहीत आहे, ती ग्रंथी मूत्रमार्गाभोवती कड्यासारखी असते त्यामुळे वाढली की धार बारीक होते वगैरे डॉक्टरांनी सांगितलं. पण माझी बायकोही दोनदा उठते, तिला कुठे प्रोस्टेट आहे?

काथ्याकूट
आजोबा, बिनतोड मुद्दा!

रात्रपाळी डॉक्टर
आजोबा, रात्रीचं उठणं सगळंच प्रोस्टेटच्या माथी मारता येत नाही. तरुणपणी झोपेत पाणी राखणारं संप्रेरक (एडीएच) वाढतं, लघवी कमी आणि घट्ट होते. वयाबरोबर ते रात्रीचं वाढणं मंदावतं. शिवाय दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि किडनी ते रात्री काढून टाकते. पावलं संध्याकाळी सुजत असतील तर दुपारी थोडा वेळ पाय उंच करून पडून बघा. आणि दोघांनीही साखर तपासून घ्या, तेही कारण असू शकतं.

चौकस आजोबा
धन्यवाद. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते दुपारी पाय वर करून पडायला निमित्तच हवं होतं तुम्हाला.

हरितारोग्य
सर्वांनी किडनी वर्षातून दोनदा आतून स्वच्छ करावी. आमची नैसर्गिक पावडर सात दिवसांत सर्व विषारी घटक
(बाकी मजकूर काढला आहे. जाहिरात नको. – संपादक)

दप्तरवाल्या बाई
जी गोष्ट दिवसभर साफसफाईच करते तिची साफसफाई! केरसुणीला झाडायला दुसरी केरसुणी.

रात्रपाळी डॉक्टर
हसून सोडू नका, असल्या पुड्यांमुळेच किडनी बसलेले रुग्ण आम्ही बघतो. आत काय असतं कोणालाच ठाऊक नसतं. आणि रोज उठून मनाने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्याही तशाच. बऱ्याच वेदनाशामक गोळ्या जी रसायनं अडवतात तीच रसायनं गाळणीकडे येणारी बारीक धमनी मोकळी ठेवत असतात. अंगात पाणी कमी पडलेलं असताना त्या घेतल्या तर गाळणीतला दाब घटतो आणि गाळणं मंदावतं.

डोकं खाजवून
पण दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलंच पाहिजे ना? की तेही पावडरच्याच यादीत?

काथ्याकूट
आठ-बिठ काही नसतं. तहान नावाची सोय कोट्यवधी वर्षं चाललीय. गरमी, श्रम, अंगकाठी, सगळ्यावर आकडा बदलणार.

खडेश्वर
काथ्याकूट, तुमचं तत्त्वज्ञान खडा नसलेल्यांसाठी. मला अडीच लिटर लघवी व्हायला हवी एवढं प्या असं सांगितलंय, प्यायलेलं मोजू नका, निघालेलं मोजा म्हणून. पातळ लघवीत कॅल्शियम ऑक्सॅलेट विरघळलेलं राहतं, घट्ट झाली की स्फटिक धरतात. तहानेची वाट बघत बसलो म्हणूनच हा पाहुणा आला.

काथ्याकूट
खडेश्वर, मागे घेतो. ज्याला खडे होतात त्याला नियम वेगळा. निरोगी माणसाबद्दल मात्र ठाम.

निमूट वाचक
मला एरवी पाणी प्यायचीच भीती वाटते, प्रवासात तर फार. बाहेर बायकांना जायची सोय धड नसते, मग सकाळपासून पाणी बंद, तासनतास दाबून धरायचं आणि मग आठवड्याने उन्हाळी लागते. जळजळ, सारखं जावंसं वाटणं, थेंबथेंब. तीनदा झालं. बायकांनाच का जास्त?

दप्तरवाल्या बाई
अंतराचा प्रश्न गं. आपला मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषांचा १८-२०. जंतूंना आपल्याकडे चार पावलं आणि दार. त्यात लघवी होणंच कमी केलं की जंतू वाहून जायची सोयही बंद. शाळेतल्या मुलींचंही हेच चालतं, बाटली भरलेली तशीच घरी नेतात. तीनदा झालंय तर मात्र लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत याची तपासणी) करून घे.

डोकं खाजवून
अवांतर: मला दिवसभर काही नसतं, घराच्या दाराला किल्ली लावताना मात्र अशी जोरात लागते की किल्ली फिरत नाही. हे काय आहे? मूत्राशयाला पत्ता कसा कळतो?

रात्रपाळी डॉक्टर
मूत्राशयाला नाही, मेंदूला कळतो :) मूत्राशयात १५०-२०० मिली जमलं की पहिली जाणीव होते, ४००-५०० मिलीपर्यंत आरामात मावतं. आतलं अस्तर भरताना पसरतं आणि पेशी चपट्या होतात. ही जाणीव मेंदू "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवत असतो. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन दारं, आतलं आपल्या हातात नाही, बाहेरचं आहे. दार, किल्ली, मोरी हा क्रम रोजचा झाला की किल्ली दिसताच मेंदू परवानगीच्या तयारीला लागतो.

रिकामटेकडा
मी तर असं वाचलंय की मांजराएवढ्या मोठ्या कोणत्याही प्राण्याला, हत्तीलासुद्धा, मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंद लागतात. आज घड्याळ लावून बघितलं. १९. हत्तीपेक्षा सरस.

काथ्याकूट
ते खरंच आहे. २०१४ चा शोधनिबंध, ३ किलोच्या वरचे सस्तन प्राणी, सरासरी २१ सेकंद, थोडंफार पुढे-मागे. हत्तीच्या मूत्राशयात १८ लिटर मावतं पण त्याचा मूत्रमार्ग रुंद आणि लांब, लांब उभ्या नळीत गुरुत्वाकर्षणाने वेग वाढतो, म्हणून वेळ सारखीच. २०१५ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं पारितोषिक) मिळालं त्याला.

चौकस आजोबा
माझे ७०. तेही दोन हप्त्यांत.

एकपिंडी
सगळा धागा एका बैठकीत वाचला. टोपणनावावरून कळलंच असेल, माझी एक किडनी सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाला दिली. लोकांना वाटतं खराब काढून तिथे नवी बसवतात, तसं नाही. किडन्या पाठीकडे बरगड्यांच्या आडोशाला असतात, उजवी यकृतामुळे किंचित खाली. नवी मात्र पुढे, ओटीपोटात उजव्या किंवा डाव्या बाजूला बसवतात कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि मूत्राशय हाताशी. जुन्या बहुतेक वेळा तशाच ठेवतात. त्यामुळे भावाकडे तीन आणि माझ्याकडे एक. हिशोब कच्चा वाटतो ना?
त्याच्या सर्जननी नंतर सांगितलं ते मी विसरणार नाही. बर्फात ठेवलेली किडनी राखाडी, निस्तेज दिसते. वाहिन्या जोडून चिमटे सोडले की काही सेकंदांत ती गुलाबी होते, हाताला टणक लागते, आणि मूत्रवाहिनी अजून मूत्राशयाला जोडायचीय तोवरच तिच्या मोकळ्या टोकातून लघवीचे थेंब टपकायला लागले. टेबलावरच. तीन वर्षं भावाला लघवी जवळजवळ नव्हती. शुद्धीवर आल्यावर तो पिशवीकडे बघत रडला आणि मग मिनिटामिनिटाला आकडा वाचून दाखवायला लागला, शेवटी नर्सने पिशवी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला लावली.
माझी उरलेली एक पहिल्यापेक्षा थोडी मोठी झाली म्हणे. नवे नेफ्रॉन येत नाहीत, आहेत तेच जास्त काम करतात. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया २३ डिसेंबर १९५४ ची, बॉस्टनला, जुळ्या भावांची. देणारा भाऊ पुढे ५६ वर्षं जगला हे मी ऑपरेशनच्या आदल्या रात्री शंभरदा वाचलं होतं.

निमूट वाचक
ताई, वाचून अंगावर काटा आला.

मशीनमागचा
मी डायलिसिस टेक्निशियन. एकपिंडींचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं, आणि कोरी पाटींचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.
आमचं मशीन ही खरी गाळणी. रक्त पोकळ धाग्यांतून जातं, धाग्यांबाहेर पाणी उलट्या दिशेने वाहतं, लहान रेणू पडद्यातून पलीकडे जातात. पण मशीनला परत वेचून घेता येत नाही. त्याच्याकडे त्या नळीच्या पेशी नाहीत. मग रक्तातलं मीठ, बायकार्बोनेट सगळं वाहून जाऊ नये म्हणून आम्ही पलीकडच्या पाण्यातच आधी ते मापून घालून ठेवतो. दोन्हीकडे सारखं असलं की ते हलत नाही, युरिया तेवढा जातो. म्हणजे दप्तर उलटं करण्याऐवजी समोर दुसरं भरलेलं दप्तर ठेवायचं. मिनिटाला ५०० मिली, चार तास, एका वेळेस १२० लिटर पाणी, आठवड्यातून तीनदा. एवढं करून रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन आणि ड जीवनसत्त्वाचं शेवटचं रूप या दोन गोष्टी किडनी बनवते त्या मशीनला जमत नाहीत, त्यासाठी औषधं वेगळी द्यावी लागतात.
पहिलं असं यंत्र १९४३ मध्ये नेदरलँडमध्ये एका डॉक्टरने लाकडी पिंपावर सॉसेजची सेलोफेनची नळी गुंडाळून बनवलं होतं, ऐन युद्धात. सुरुवातीचे रुग्ण जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली.

चौकस आजोबा
मशीनमागचा, माझं क्रिएटिनिन १.४ आलंय. डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवू. हे गंभीर का?

रात्रपाळी डॉक्टर
आजोबा, एका आकड्यावरून इथे बसून सांगणार नाही. पण एवढं सांगतो, क्रिएटिनिन उशिरा बोलतं. गाळण्याची क्षमता निम्मी घटेपर्यंत ते जेमतेम हललेलं असतं. म्हणून वय धरून काढलेला ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा अंदाज) बघायचा आणि लघवीत अल्ब्युमिन जातंय का तेही बघायचं. गाळणी सैल पडल्याची ती पहिली खूण. मधुमेह, रक्तदाब असेल तर दरवर्षी.

कोरी पाटी
धागा कुठून कुठे गेला, मस्त वाटतंय. पण डॉक, तुम्ही "नंतर लिहितो" म्हणून गेलात ते गेलातच. काथ्याकूट यांचा प्रश्न लेकीलाही वाचून दाखवला आणि आता ती म्हणते, "आई, चिमटी आहे ना मग?" मी परत कोरी.

काथ्याकूट
डॉक यायच्या आधी एक भर. नुसत्या चिमटीवर जगणारे प्राणी आहेत! समुद्रघोडा, टोडफिश असे काही समुद्री मासे, त्यांच्या किडनीत ग्लोमेरुलसच नाही. गाळणी शून्य. जे टाकायचं ते नळीच्या पेशी उचलून टाकतात, थोडीशी लघवी होते, भागतं. कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्यांचं अंगातलं पाणी सारखं बाहेर जात असतं, ते गाळून आणखी कोण घालवणार? आणि बराचसा नायट्रोजन ते कल्ल्यांतूनच सोडतात. म्हणजे लेकीची कल्पना निसर्गाने वापरलीय, फक्त आपल्यावर नाही.

रात्रपाळी डॉक्टर
समुद्रघोडा, वा! हेच टाकणार होतो.
कोरी पाटी, आता उशीर झालाय पण लिहूनच टाकतो. चिमटी हळू असते आणि तिला प्रत्येक वस्तूची ओळख असावी लागते. युरियाच बघा, दिवसाला २०-३० ग्रॅम निघतो, तेवढं एकेक रेणू उचलून टाकणं महागात जाईल. गाळलं की तो पाण्याबरोबर फुकट जातो.
पण माझ्या मते खरं कारण पाणी आणि मीठ. रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, सुमारे ३ लिटर. १८० भागिले ३, म्हणजे सगळा प्लाझ्मा दिवसातून ६० वेळा तपासून निघतो, दर २४ मिनिटांनी एकदा. एवढ्यांदा हातातून गेल्यावर थोडं जास्त थोडं कमी करणं सोपं पडतं. तुम्ही धडाधड दोन लिटर पाणी प्यायलात तर काही तासांत ते बाहेर. तहानलेले असाल तर त्याच किडन्या दिवसाची लघवी अर्ध्या लिटरवर आणतात. सगळ्यात पातळ आणि सगळ्यात घट्ट लघवीत चोवीसपट फरक. ज्याने आधी सगळं टेबलावर मांडलंय त्यालाच इतकं कमी-जास्त करता येतं.
आणि परत घेण्याची करामत अशी की शरीरात पाणी उचलणारा पंप कुठेच नाही. पेशी सोडियम ओढतात, पाणी त्याच्या मागून येतं. हेन्ले नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये नळीचा एक केसपिनसारखा वाकलेला भाग दाखवला, खाली जाऊन परत वर येणारा. वर येणाऱ्या बाजूने मीठ बाहेर काढलं जातं पण पाणी निघू शकत नाही, त्यामुळे किडनीचा आतला गाभा खारट होत जातो. मग शेवटची नळी त्या खारट गाभ्यातून जाते, आणि एडीएच आलं की तिच्या भिंतीत पाण्याची सूक्ष्म दारं बसतात, ॲक्वापोरिन. पाणी आपणहून खाऱ्या बाजूला निघून जातं. दारं काढून घेतली की लघवी पातळ. या दारांच्या शोधाला २००३ चं रसायनाचं नोबेल आहे.
खर्च येतोच. किडन्यांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहून कमी, पण हृदयातून निघालेल्या रक्तातला पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, आणि त्या जो ऑक्सिजन वापरतात तो बहुतेक सोडियम परत ओढण्यात. गाळणं स्वस्त, परत भरणं महाग.

दप्तरवाल्या बाई
दप्तर उलटं करायला दोन सेकंद, भरायला अर्धा तास. आईला विचारा.

रिकामटेकडा
म्हणजे सरकारी खातंच, फक्त काम होणारं.

कोरी पाटी
लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिने आधीची आकृती खोडली. आता गाळणीतून नळीत जाणारा बाण जाड, नळीतून रक्तात परत जाणारे बाण त्याहून थोडेसेच बारीक, आणि खाली मूत्राशयाकडे जाणारा बाण इतका बारीक की पेन्सिलला टोक करून काढावा लागला. कडेला छोटासा भुंगा काढलाय. बाई रागावतील का?

दप्तरवाल्या बाई
भुंग्याचे वेगळे गुण देईन.

खडेश्वर
आत्ताच, पावणेसात वाजता, पडला. गाळणीत टक् असा आवाज आला. मोहरीएवढा, तपकिरी, काटेरी. एवढ्याशासाठी मी चार पायांवर रांगलो यावर सौ.चा विश्वास बसत नाहीये.

चौकस आजोबा
अभिनंदन! ती गाळणी आता तरी टाकून द्या.